ऊन पाणी आणि काळें आकाश

माझा भाचा नोकरीनिमित्त जपानांत नागोया शहरीं असतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यानें आम्हांस एक छायाचित्र पाठविलें. डोंगराची काळी कड, तिच्यावर आकाशगंगेचा दुधाळ पट्टा, आणि खालीं दगडी कुंडांतून वर चढणारी वाफ. सोबत चार ओळी होत्या. नागानो प्रांतांत आची नांवाचें एक खेडें आहे. तेथें हिरुगामी या ठिकाणीं ऊन पाण्याचे झरे आहेत, आणि आकाश इतकें स्वच्छ कीं जपानच्या पर्यावरण मंत्रालयानें २००६ सालीं तारे पाहण्यास उत्तम स्थळ म्हणून त्या खेड्याची नोंद केली. आठवडाभर थकलेली माणसें तेथें जातात, कढत पाण्यांत बसतात, आणि रात्रीं तिपाईवर कॅमेरा लावून तारे टिपतात.

आमचे तीर्थरूप अण्णा यांनीं भिंग लावून तें छायाचित्र बराच वेळ पाहिलें आणि म्हणाले, “ऊन पाण्याला नि नक्षत्रांना जपानास कशाला जायला हवं? दोन्ही आपल्या दारांत आहेत.”

अण्णांचें म्हणणें अर्धें खरें होतें. ते जन्मभर शाळामास्तर. आम्ही लहान असतांना नाशिकच्या आमच्या गच्चीवर त्यांनीं आम्हां भावंडांना सारीं नक्षत्रें ओळखावयास शिकविलीं. कृत्तिकांचे सहा तारे वेगवेगळे मोजतां आले म्हणजे डोळे शाबूत, ही त्यांची कसोटी. आज त्याच गच्चीवरून कृत्तिकांच्या जागीं एक धुरकट ठिपका दिसतो. अण्णांना तर तोहि दिसत नाहीं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आहेत, वय अठ्ठ्याहत्तर, आणि गुडघे गेलीं दोन वर्षें कुरकुरत आहेत. मनांत आलें, गुडघ्यांना ऊन पाणी मिळेल, आणि डोळ्यांना जें झेपत नाहीं तें कॅमेरा पाहील.

ऊन पाण्याची आपल्याकडे खरोखरच वाण नाहीं. वज्रेश्वरी, गणेशपुरी व अकलोली येथील कुंडें मुंबईकरांच्या परिचयाचीं आहेत. कोकणांत राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत अशा झऱ्यांची ओळच लागते. जळगांव जिल्ह्यांत उनपदेव, नांदेड जिल्ह्यांत उनकेश्वर. या नांवांतून ‘ऊन’ हा शब्द कसा डोकावतो तें वाचकांनीं पाहावें. नाशिकच्या उत्तर भागांतील माणसाला सोयीचें स्थान म्हणजे गुजराथेंतील वांसदा तालुक्यांतलें उनाई. आणि नाशिकहून उनाईस निघालें कीं वाटेंत सुरगाणा तालुका लागतो. दिव्यांची गर्दी अजून तेथवर पोंचलेली नाहीं. तेव्हां रात्र सुरगाण्यास काढावी व दुसऱ्या दिवशीं उनाईस स्नान करावें असा बेत ठरला.

आकाशाचें छायाचित्र घेऊं इच्छिणाऱ्यानें आधीं पंचांग उघडावें. उनाईची मोठी जत्रा चैत्री पौर्णिमेस भरते. स्नानास ती तिथि पुण्यप्रद असली तरी त्या रात्रीं चंद्रप्रकाशांत तारे बुडून जातात. आम्हीं माघी अमावास्या निवडली. त्या सुमारास पहांटे साडेचारच्या वेळीं आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग आग्नेयेस वर आलेला असतो, आणि उजाडावयास तासभर अवकाश असतो.

नाशिकहून दिंडोरी, वणी, आणि पुढें उजवीकडे सप्तशृंगीचा डोंगर मागें टाकीत आम्ही बोरगांवास आलों. पळस फुलले होते. रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीचे खोके मांडून मुलें बसलीं होतीं. हें थंड हवेचें फळ आतां या भागांत चांगलें रुजलें आहे. बोरगांवाहून सुरगाण्याचा फांटा फुटतो. सुरगाणा हें एके काळचें लहानसें संस्थान. १९४८ सालीं तें विलीन होऊन नाशिक जिल्ह्यांत आलें. नाशिक जिल्हा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गोदावरी, म्हणजे पूर्वेकडे वाहणारें पाणी उभें राहतें. सुरगाण्याचें पाणी मात्र नार व पार या नद्यांच्या वाटेनें पश्चिमेस अरबी समुद्रास मिळतें. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली व महादेव कोळी या लोकांची. डोंगरउतारावर नागली आणि भात.

माझ्या ओळखीचे एक शिक्षक तेथील एका पाड्यावर राहतात. त्यांच्या अंगणांत आमचा मुक्काम पडला. रात्रीं नागलीची भाकरी व उडदाची आमटी झाली. शिक्षकांच्या वृद्ध आई जवळच बसल्या होत्या. त्यांनीं विचारलें, “दादा, तुम्ही इथं कशाला आलांत?” मीं मोठ्या उत्साहानें सांगितलें कीं, शहरांत आतां काळोख उरला नाहीं, तो पाहावयास आलों आहों.

त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या पाड्यावर वीज आली तेव्हां मीं खांबाला कुंकू लावलं. माझ्या दिराला काळोखांतच फुरसं चावलं होतं. आणि तुम्ही मोटारीचं तेल जाळून काळोख बघायला आलांत?”

मला उत्तर सुचलें नाहीं. अण्णांनीं मान खालीं घातली. ज्याच्यापाशीं दिव्यांची चैन आहे त्यानेंच काळोखाचें कौतुक करावें, हें किती सोपें! अंथरुणावर पडल्यावरहि तें वाक्य मला सलत राहिलें.

पहांटे चारला उठलों. गारठा होता. अंगणांतल्या दिव्याच्या उजेडांत मीं कॅमेरा तिपाईवर चढविला. या विद्येंत फारसें गूढ नाहीं. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. शटर फार वेळ उघडें राहिलें तर तारे ठिपक्यांसारखे न उमटतां त्यांच्या रेघा होतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्यास ढोबळ हिशेब असा कीं ५०० ला भिंगाच्या नाभीय अंतरानें भागावें. माझें भिंग २० मिलीमीटरचें. म्हणजे २५ सेकंदांच्या आंत शटर मिटलें पाहिजे. आपोआप नेम धरणारी योजना अंधारांत चांचपडते, म्हणून ती बंद करून एखादा तेजस्वी तारा सुईच्या अग्राएवढा होईपर्यंत भिंग हातानें फिरवावें. बोट लागून कॅमेरा हलूं नये म्हणून दोन सेकंदांच्या विलंबाची सोय वापरावी. इतकें केलें म्हणजे उरतें तें थांबणें. डोळ्यांनासुद्धां अंधाराची पुरती संवय व्हावयास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि एकदां पांढरा प्रकाश डोळ्यांवर पडला कीं ती सारी मेहनत वायां जाते.

अण्णा मागोमाग निघाले, पण अंगणाबाहेरच्या दगडांत त्यांचा पाय अडखळला. तेवढ्यांत आजी बाहेर आल्या. त्यांनीं प्रथम अंगणांतला दिवा मालविला. मग हातांतली विजेरी लावून तिच्या तोंडावर आपलीं बोटें धरलीं आणि ती जमिनीकडे वळविली. बोटांतून गाळलेला तांबूस उजेड अण्णांच्या पावलांपुढें पसरला. वर आकाशास त्याचा स्पर्शहि झाला नाहीं. आकाश पाहणारे लोक मुद्दाम लाल दिवा वापरतात, कारण त्यानें अंधारास सरावलेले डोळे दिपत नाहींत. आजींना हें कोणी शिकविलें नव्हतें. आदल्या रात्रीं मला न सुचलेलें उत्तर त्यांच्या हातांत होतें.

आम्ही माळावर उभे राहिलों. ज्येष्ठेचा तांबडा तारा अण्णांना लगेच सांपडला. त्याच्या खालची आकाशगंगा त्यांना दिसेना. मीं शटर दाबलें आणि वीस सेकंद सगळे गप्प राहिलों. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र उमटलें. अण्णांनीं त्याला जवळजवळ नाक लावलें. वृश्चिकाची नांगी, तिच्या डावीकडे पिंजलेल्या कापसासारखा शुभ्र ढग, आणि त्यांतून गेलेल्या धुळीच्या काळ्या शिरा. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, “हें मूळ नक्षत्र. तुझा जन्म याच्यावरचा. सत्तावीस झाडांचीं पानं गोळा करायला मी किती हिंडलों होतों!”

माझ्या मूळशांतीची हकीकत मीं अनेकदां ऐकली होती. परंतु आपल्या दीर्घिकेचा मध्य याच मूळ नक्षत्राच्या विभागांत, सुमारें २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे, हें मीं त्यांना त्या पहांटे प्रथमच सांगितलें. ज्या नक्षत्राला घर भ्यालें, त्याच्याच दिशेस या साऱ्या ताऱ्यांचें मूळस्थान असावें, याचें त्यांना फार नवल वाटलें. “नांव ठेवणारानं जाणून ठेवलं असेल का रे?” त्यांनीं विचारलें, आणि लगेच, “नसेल, पण शोभलं खरं,” असें स्वतःच उत्तर दिलें.

आजीहि वांकून पडदा पाहत होत्या. चित्राच्या उजव्या कोपऱ्यांत क्षितिजापाशीं त्यांनीं बोट ठेवलें. “हा पिवळा डाग कसला?”

तो डाग म्हणजे आमचें नाशिक. सरळ रेषेंत साठेक किलोमीटर दूर असूनहि आमच्या दिव्यांचा उजेड तेथवर आला होता. मीं तसें सांगतांच आजी हंसल्या. “तुमच्याकडं जास्त झालं, दादा. त्यांतलं थोडं आमच्याकडं द्या.”

सकाळीं त्यांचा निरोप घेऊन आम्ही सापुताऱ्यावरून वघईकडे उतरलों. वघईपासून बिलिमोऱ्यापर्यंत अडीच फूट रुंदीचा चिमुकला लोहमार्ग जातो. गायकवाडांच्या अमदानींत तो बांधला गेला. उनाई याच मार्गावर आहे. स्थानिक कथा अशी कीं, शरभंग ऋषींच्या व्याधीसाठीं श्रीरामांनीं बाण मारून हें ऊन पाणी काढलें, आणि सीतामाई तेथें स्नान करून ‘हूं नाही’, म्हणजे ‘मी न्हालें’, असें म्हणाल्या, त्यावरून उनाई. आम्हां मराठी माणसांना त्या नांवांत आपलें ‘ऊन’ ऐकूं येतें. दोन्ही भाषांनीं त्या पाण्यावर आपापला हक्क सांगावा हें ठीकच आहे.

जपानांतील पुष्कळसें ऊन पाणी ज्वालामुखींच्या आंचेनें तापलेलें असतें. आपल्याकडे तशी आंच नाहीं. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून फार खोल उतरतें. जमिनींत दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनीं वाढत जाते. तेथें तापलेलें पाणी दुसऱ्या भेगेनें वर येतें. जपानच्या १९४८ सालच्या कायद्याप्रमाणें २५ अंशांहून कमी नसलेलें भूगर्भांतील पाणी उन्हाळें म्हणून गणलें जातें. ठराविक खनिजें पुरेशीं असतील तर थंड पाणीहि चालतें. त्या कसोटीस आपले कढत झरे सहज उतरतील.

मीं एक चूक केली ती वाचकांनीं करूं नये. पहांटेच्या गारठ्यानें थंड झालेला कॅमेरा मीं वाफेजवळ उघडला. क्षणांत भिंग धुक्यानें भरलें व तासभर कामांतून गेलें. अशा वेळीं कॅमेरा बंद पिशवींत ठेवून सभोंवारच्या हवेइतका ऊन होऊं द्यावा, मगच बाहेर काढावा. अण्णांनीं मात्र डॉक्टरांनीं नेमून दिलेलीं दहा मिनिटें पाण्यांत सुखानें काढलीं आणि परतीच्या पायऱ्या कोणाचाहि हात न धरतां चढून गेले. गुडघ्यांचा तो आराम दोन दिवस टिकला. त्याहून अधिक सांगणें खोटें होईल.

घरीं आल्यावर मीं आजींच्या बोटांचा विचार करीत राहिलों. जपानांतील ओकायामा प्रांतांत बिसेई नांवाचें एक गांव आहे. त्या नांवाचा अर्थच ‘सुंदर तारा’. त्या गांवानें १९८९ सालीं नियम करून दिव्यांच्या उजेडाला आळा घातला. गांव त्यामुळें अंधारांत गेला नाहीं. उजेड रस्त्यावर पडावा, आकाशांत सांडूं नये, एवढीच दक्षता. आपल्याकडे पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ सालीं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली; भारतांतला तो पहिलाच मान. सुरगाण्याच्या पाड्यांवर दिवे अजून वाढावयास हवेत, आणि ते वाढतील. ते लावतांनाच त्यांचीं तोंडें खालीं वळविलीं, तर पुढच्या पिढीला फुरसें दिसेल आणि मूळ नक्षत्रहि दिसेल. डागाचा खरा उगम आहे आमच्या शहरांत, तेव्हां सुरुवातहि आम्हींच करावयास हवी.

म्हणून गच्चीवरच्या आमच्या दिव्याला मीं पत्र्याची टोपी घातली, आणि शेजाऱ्यांकडे जाऊन दोन घरीं तशीच घालून दिली. परवां संध्याकाळीं धाकटी मुलगी गच्चीवर गेली आणि बोटांनीं मोजून ओरडली, “अण्णा, कृत्तिका पांच!”

अण्णा खुर्चींतून म्हणाले, “सहावी सुरगाण्यास आहे.”