घासण्यापेक्षा विसळणं

स्विंडनला चहाची किटली महिन्याभरात आतून पांढरी पडते. दक्षिण इंग्लंडातलं बरंचसं पाणी चुनखडीच्या थरांतून झिरपून येतं, त्यामुळे क्षार भरपूर. प्यायला काही अडचण नाही. पण त्या पाण्यानं खिडकी धुतली तर वाळल्यावर काचेवर पांढरे ठिपके उमटतात. म्हणून खिडक्या धुण्याच्या आमच्या व्हॅनच्या टाकीत नळाचं पाणी थेट जात नाही. आधी आरओ, मग रेझिन भरलेलं नळकांडं, मग टाकी. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, आमच्या मीटरवर तीनशेच्या आसपास येतो, टाकीत पडताना तो शून्य लागतो. आपल्याकडे ओट्यावरच्या आरओचं पाणी पन्नास-साठ दाखवत असलं तरी घरचे खूश असतात. इथे आकडा दहाच्या वर गेला की मालक रेझिन बदलायला लावतो. कधीकधी मीटरचीही गरज पडत नाही, कारण संपत आलेल्या रेझिनला चक्क शिळ्या मासळीचा वास सुटतो. माझा जोडीदार फोंड्याचा, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेला. स्विंडनात असे गोंयकार बरेच. तो नाक दाबून म्हणतो, समुद्रापासून एवढ्या लांब येऊन नशिबी हीच मासळी!

बायको इथे रुग्णालयात नर्स आहे. तिच्या व्हिसावर मी आलो आणि हिशेबाच्या खुर्चीतली नोकरी सोडून हे काम धरलं. फोनवर सांगलीचे काका दर वेळी विचारायचे, "अजून काचाच पुसतोस का रे?" पुसत नाही हो काका, धुतो. फडकं हातात घ्यावंच लागत नाही. कार्बन फायबरचा एकात एक सरकणारा पोल, टोकाला ब्रश, ब्रशमध्ये पाण्याचे दोन जेट आणि मागे व्हॅनपर्यंत गेलेला पाइप. जमिनीवर उभं राहून वरच्या मजल्याच्या खिडक्या होतात. इथला 2005 सालचा नियम सांगतो, की जे काम उंचीवर न चढता होण्यासारखं असेल, त्यासाठी चढू नये. शिड्या बंद झालेल्या नाहीत, पण आमच्या व्हॅनवरची शिडी बहुतेक वेळ नुसती बांधलेलीच असते.

नवा माणूस आला की तो घासण्यावर तुटून पडतो. खांदे भरून येईपर्यंत ब्रश फिरवतो आणि शेवटी दोन फवारे मारून पुढच्या खिडकीकडे वळतो. खरं तर घासणं हा या कामातला सोपा भाग. मळ सुटतो तो ब्रशनं आणि पाण्यानं, पण सुटलेला मळ काचेवरच तरंगत असतो. तो वाहून खाली गेला नाही, तर वाळल्यावर जागच्या जागी बसतो. टाकीतलं पाणी शून्याचं असलं तरी काचेवर मळात मिसळलेलं पाणी शून्याचं उरत नाही. विसळताना तेच घाण पाणी ढकलून त्याच्या जागी कोरं पाणी आणायचं असतं. काचेवर सगळ्यात शेवटी उरणारा थेंब टाकीतल्याइतका स्वच्छ असला, तर तो मागे काही न ठेवता उडून जातो. ही गोष्ट डोक्यात बसली की हात आपोआप बदलतो.

आणि शेवटच्या थेंबाला दगा देते ती वरची चौकट. इथल्या बहुतेक घरांना पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकटी असतात. काच आणि चौकट यांच्यामध्ये काळं रबर, आणि बऱ्याच ठिकाणी वरच्या कडेला हवा खेळायला एक अरुंद झडप. त्या झडपेत कोळिष्टकं, धूळ, मेलेले किडे, सगळा संसार असतो. काच झकास धुवावी, दोन पावलं मागे सरकून वर बघावं, तर रबराच्या एका कोपऱ्यात थेंब फुगत असतो. आधी पारदर्शक दिसतो, मग करडा होतो, वजन झालं की सुटतो आणि स्वच्छ काचेवरून वेडीवाकडी रेघ ओढत खाली येतो. वाळल्यावर ती रेघ ग्राहकाला बरोबर दिसते. म्हणून क्रम ठरलेला. आधी वरची चौकट आणि रबर घासायचं, ते पुरेसं विसळायचं, आणि लगेच काचेला हात घालायचा नाही. घराच्या एका बाजूच्या सगळ्या वरच्या चौकटी आधी करून घ्यायच्या, तोवर पहिलीचं पाणी निथळतं. मग परत येऊन काचा. झडपेवर थेट धार मारायची नाही, नाहीतर पाणी आत साठतं आणि आपण पुढच्या घरी पोचल्यावर सावकाश गळत बसतं. काच शेवटची विसळताना ब्रश पुन्हा वरच्या रबराला लावायचा नाही, हा नियम मालक दर आठवड्याला नव्यानं सांगतो.

विसळायचं कसं, यावर मालकाचं आणि माझ्या जोडीदाराचं एकमत होत नाही. मालकाची पद्धत ब्रश काचेपासून वीतभर उचलून धरायची. वरच्या कडेनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धार नेली की पाण्याचा पडदा खाली उतरतो. जोडीदार ब्रश काचेला टेकवूनच हळूहळू खाली आणतो. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, फक्त दोघं एकाच काचेबद्दल बोलत नाहीत.

काही काचांवर पाणी पसरतं. धार सोडली की अखंड पातळ थर होतो आणि तो एकसंध खाली सरकतो. पिल्किंग्टन कंपनीनं 2001 साली स्वतः स्वच्छ राहणारी काच बाजारात आणली; तिच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ लेप असतो. उन्हामुळे त्यावरचा सेंद्रिय मळ सैल होतो आणि पाणी थेंब न धरता पसरतं. अशा काचेला मालकाची पद्धत उत्तम, उचललेल्या ब्रशच्या दोन फेऱ्यांत काम होतं. काही काचांवर मात्र पाणी अळवाच्या पानावर वागावं तसं वागतं. थेंब गोळा होतात, धार त्यांच्यामधून वाट काढून निघून जाते आणि प्रत्येक थेंब आपला मळ पोटात घेऊन तिथेच बसून राहतो. इथे दुरून धार मारणं म्हणजे पाणी वाया घालवणं. ब्रश टेकवून, न घासता, केसांनी थेंब मोडत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत सावकाश उतरावं लागतं. "उदक सोड रे, उदक!" असं जोडीदार ओरडतो ते अशाच काचांपाशी. कुठली काच कशी, हे आधी सांगता येत नाही. एकाच घरात समोरची पसरणारी आणि मागची थेंब धरणारी निघते. पहिलं पाणी पडलं की बघायचं आणि मग ठरवायचं.

जेटचंही तसंच. पेन्सिल जेटची धार बारीक आणि जोरकस, चिकटलेली घाण सोडवायला बरी. फॅन जेट पंख्यासारखं पाणी पसरवतो, विसळायला तो सोयीचा. पंपाचा वेग कमी ठेवला की टाकी दिवसभर पुरते, पण विसळताना काटकसर केली तर परत त्याच घरी जावं लागतं. घासताना कमी, विसळताना सढळ, एवढं मी पाळतो.

वसंतात मधमाश्या जाग्या होतात आणि काचांवर पिवळे-नारिंगी ठिपके पडतात. ती त्यांची शी. हिवाळाभर पोळ्यात कोंडून काढलेलं सगळं त्या पहिल्या उन्हात मोकळं करतात. हे ठिपके नुसत्या विसळण्यानं हलत नाहीत. पाणी मारायचं, शेजारची खिडकी करायची, मग परत येऊन घासायचं. कधी सहाराची धूळ पावसातून उतरते आणि अख्खी गल्ली तांबूस होते, तेव्हा उलट घासण्याआधी भरपूर पाणी सोडायचं, नाहीतर बारीक वाळू काचेवर फिरवल्यासारखं होतं. शिशाच्या पट्ट्यांची चौकटचौकट नक्षी असलेल्या जुन्या खिडक्या मला सगळ्यात नकोशा, कारण प्रत्येक पट्टी हा पाणी अडवणारा एक छोटा बांध असतो.

थंडीत अंगणातल्या फरशीवर आमचंच पाणी गोठतं, त्यामुळे मीठ टाकल्याशिवाय पाय हलवायचा नाही. वरून विजेची तार जात असेल तर पोल उघडायचाच नाही. कार्बन फायबरमधून वीज वाहते, आणि ओला पोल कुठल्याही जातीचा असो, विश्वासाचा नाही.

सांगलीला काकांच्या गच्चीवर सोलर पॅनेल आहेत. बोअरच्या पाण्यानं धुऊन त्यांवर पांढरा थर चढलाय, असं त्यांनी मध्यंतरी सांगितलं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएस 500 पर्यंत असावा असं म्हटलंय, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी काय दाखवेल याचा अंदाज करा. त्यांना सांगितलं, धुवा बोअरनंच, पण पहाटे, पॅनेल थंड असताना. आणि शेवटची बादली साठवलेल्या पावसाच्या पाण्याची किंवा आरओची घ्या. हल्ली काचा पुसण्याबद्दल विचारत नाहीत, टीडीएस मीटर कुठे मिळेल ते विचारतात.

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांना मात्र एक विनंती आहे. खिडक्या धुणारा माणूस काचा ओल्याच सोडून गेला म्हणून लगेच फोन करू नका, आणि फडकं घेऊन तर मुळीच धावू नका. फडक्यावरचा साबण आणि हाताचं तेल काचेला लागलं की पुढच्या खेपेला तिथेच पाणी थेंब धरतं. आम्ही येण्याआधी खिडक्या घट्ट लावा, मागचं फाटक उघडं ठेवा, आणि काचा पूर्ण वाळल्यावर बघा. तेव्हा रेघ दिसली तर जरूर बोलवा. वरचं रबर नीट विसळलं गेलेलं नसतं, आणि ते परत येऊन फुकट करून देणं आमचं काम आहे.