उसनं घेतलेलं कनेक्शन

‘फोर्सएक्झिट’ हा पर्याय आमच्या चाचण्यांच्या कमांडमध्ये मीच टाकला, आणि दोन वर्षं त्याची बाजूही मीच घेत आलो. आता माझं मत बदललं आहे. ते का बदललं, हे सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

आमचा सर्व्हर नोडवर, डेटाबेस पोस्टग्रेस आणि चाचण्या जेस्टमध्ये. सगळ्या फाइलींना डेटाबेस एकच, म्हणून त्या एकामागून एक चालवायचो. सगळं हिरवं व्हायचं आणि टर्मिनल मात्र अडकून बसायचं. चाचण्या संपून एक सेकंद झाला तरी प्रोसेस बंद झालेली नाही, अशी सूचना जेस्ट द्यायचं. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, “हे थांबत का नाही?” मी म्हणालो, “कुठलं तरी कनेक्शन उघडं राहिलंय. पास झालंय ना सगळं? मग सोड.” आणि प्रोसेस सक्तीने बंद करणारा तो पर्याय लावून टाकला. उत्तर बरोबर की चूक एवढंच चाचणीने सांगावं, आवराआवर ऑपरेटिंग सिस्टिम करतेच, असं मी मनापासून मानत होतो.

मग एका रात्री प्रॉडक्शन ठप्प झालं. सर्व्हर चालू, सीपीयू निवांत, डेटाबेसवर भार नाही, तरीही डेटाबेस लागणाऱ्या एकाही रिक्वेस्टला उत्तर मिळेना. पोस्टग्रेसच्या ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’त पाहिलं, तर आमची दहाच्या दहा कनेक्शनं ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अवस्थेत होती. ट्रान्झॅक्शन सुरू करून कोणीतरी निघून गेलं होतं.

ते कोणीतरी म्हणजे आमचंच एक फंक्शन. पूलमधून कनेक्शन घ्यायचं, ट्रान्झॅक्शन सुरू करायचं, माहिती तपासायची आणि शेवटच्या ओळीत कनेक्शन परत करायचं. तपासणीत एरर आली की ती शेवटची ओळ गाठलीच जात नव्हती. आम्ही वापरतो त्या लायब्ररीच्या पूलमध्ये मुळात दहाच कनेक्शनं असतात आणि वाट पाहण्याला मर्यादा नसते. दहा वेळा चूक झाली की अकरावी रिक्वेस्ट कायमची ताटकळते.

त्या एररची चाचणी आमच्याकडे होती आणि ती पास होत होती, कारण एररचं उत्तर बरोबरच जात होतं. कनेक्शन मात्र परत येत नव्हतं. टर्मिनल अडकायचं ते त्यामुळे. नुसता पूल बंद करायचा राहिला असता, तर रिकामी कनेक्शनं दहा सेकंदांनी आपोआप सुटली असती आणि प्रोसेसही संपली असती. ती संपत नव्हती, याचा अर्थ काहीतरी उसनं घेतलेलं परत आलं नव्हतं. चाचणी दोन वर्षं हेच सांगत होती आणि मी तिचं तोंड दाबून ठेवलं होतं.

असिंक कोडमध्ये फंक्शन संपणं आणि काम संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तर तपासलं की पहिलीच कळते. दुसरी कळायला, घेतलेलं सगळं परत आलं का, हे चाचणीनेच विचारावं लागतं. आता प्रत्येक फाइलीच्या शेवटी ‘आफ्टरऑल’मध्ये आम्ही पूल बंद करतो आणि तो बंद होईपर्यंत थांबतो. बाहेर गेलेलं कनेक्शन परत येईपर्यंत पूल बंद होत नाही. पाच सेकंदांत जेस्ट तक्रार करतं आणि गळती त्याच फाइलीत पकडली जाते. कोडमध्येही एरर आली की आधी रोलबॅक, आणि कनेक्शन परत करणं नेहमी ‘फायनली’त. रोलबॅक न करता परत केलेलं कनेक्शन पुढच्याच्या हातात अर्धवट ट्रान्झॅक्शन देतं.

त्या मुलीला मी सांगितलं, की तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकलं. तुमच्याही प्रकल्पात तो पर्याय असेल, तर एकदा काढून पाहा. दहा सेकंद थांबा. त्यानंतरही टर्मिनल अडकलेलंच असेल, तर कनेक्शन किंवा आणखी काय उघडं राहिलंय ते आजच शोधा.