शिझुओका : वीतभर रणगाड्यांचे गाव

तोक्योहून क्योतोला निघालेला प्रवासी फुजी पर्वत दिसेपर्यंत तेवढा खिडकीशी जागा असतो. फुजी मागे पडला की त्याची मान कलते आणि तशातच शिझुओका निघून जाते. एरवी सारा जपान येथला चहा पितो, आणि तोकुगावा राजवटीचा संस्थापक इएयासु १६१६ साली येथेच निवर्तला. पण आम्ही उभयता एका मे महिन्यात या गावी उतरलो ते चहासाठी नव्हे की इतिहासासाठीही नव्हे. आम्हांला पाहायचे होते रणगाडे, आणि तेही वीतभर लांबीचे.

प्लॅस्टिकच्या चौकटीतले सुटे भाग कापून घ्यायचे, काचकागदाने घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि हुबेहूब वाहन उभे करायचे, हा छंद आज जगभर पसरला आहे. जपानात तयार होणाऱ्या अशा संचांपैकी दहांतले आठ तरी या भागात बनतात. गावालाही त्याचा कोण अभिमान! येथली एक टपालपेटीसुद्धा अशा संचासारखी, चौकटीत सुटे भाग जडवल्याप्रमाणे उभी केलेली आहे. पत्रे मात्र त्यात खरी पडतात.

नवल वाटेल, पण या प्लॅस्टिकच्या मुळाशी लाकूड आहे. सतराव्या शतकात येथल्या सेंगेन देवळाच्या उभारणीसाठी ठिकठिकाणचे सुतार आणि लाखकाम करणारे कारागीर आणले गेले. काम संपले तरी पुष्कळ जण इथेच राहिले. त्यांच्या हाताची परंपरा पुढे पेट्या, फर्निचर, बाहुल्यांची भांडीकुंडी यांत उतरली आणि अखेर खेळण्यांत आली.

१९४५ च्या जूनमध्ये अमेरिकन विमानांनी एका रात्रीत हे शहर जाळले. दोन हजारांच्या आसपास माणसे दगावली. पुढच्याच वर्षी योशिओ तामिया यांनी येथे लाकूड कापण्याचा धंदा सुरू केला. जोडीला लाकडी मॉडेले होती. १९५१ साली आगीत लाकडाचा साठा गेला, आणि दोन वर्षांनी त्यांनी वखारीचा नाद सोडून मॉडेलांवरच पोट बांधले. तोच अमेरिकेहून प्लॅस्टिकचे संच येऊ लागले. लाकडाला कोणी विचारीना. १९६० साली तामियांनी प्लॅस्टिकची 'यामातो' युद्धनौका काढली, तर प्रतिस्पर्ध्याने तीच नौका स्वस्तात विकली! नुकसान इतके झाले की धंदा राहतो की जातो अशी पाळी आली.

तेव्हा चिरंजीव शुन्साकु यांनी शेवटचा डाव म्हणून जर्मनांचा 'पँथर' रणगाडा निवडला. १९६१ च्या अखेरीस तो तयार झाला. खोक्यावरचे चित्र शिगेरु कोमात्सुझाकी या नामवंत चित्रकाराकडून काढून घेतले होते. आत छोटी मोटर होती. पट्टे फिरत, गाडा उशीवर चढे, पुस्तकांवरून उतरे. पोरांच्या उड्या पडल्या आणि कारखाना तरला.

या पँथरची गंमत अशी की तो खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा होता. पस्तीसच का? त्यामागे ना शास्त्र, ना शकुन. पोटात मोटर आणि बॅटरीचे सेल मावायला हवेत म्हणून अंग तेवढे ठेवले आणि मागाहून मोजले, तर प्रमाण निघाले एकास पस्तीस! आज जगभरचे कारखाने रणगाडे त्याच मापाने काढतात. एका सेलच्या जाडीने जगाचे प्रमाण ठरवले म्हणायचे. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजाहून उंच असला तरी कोणाची तक्रार नसते. ही मंडळी मात्र एका रिव्हेटसाठी झुरतात. शुन्साकु तामिया तर खरे रणगाडे टिपून घेण्यासाठी १९६६ साली अमेरिकेतल्या अ‍ॅबर्डीनला कॅमेरा घेऊन गेले होते. २०२५ मध्ये, नव्वदाव्या वर्षी ते वारले.

दर मे महिन्यात येथे मोठे प्रदर्शन भरते. कारखानदारांच्या जोडीने १९९० पासून हौशी मंडळेही आपापली कामे टेबलांवर मांडतात. आम्ही तासन् तास फिरलो. चिखल वाळून पांढरा पडलेला, गंज पाण्याबरोबर ओघळलेला, रंग काठाशी झिजलेला, असे सारे कोरड्या कुंचल्याने साधलेले होते. नवा कोरा गाडा एकही नाही!

बराच वेळ गप्प असलेली सौ. एकदम म्हणाली, "अहो, ज्यांचे गाव जळले, त्यांनीच मुलांच्या हाती रणगाडे द्यावेत?"

उत्तर मजपाशी नव्हते. युद्ध संपल्यावर पंधरासोळा वर्षांत जर्मन रणगाडा इथल्या पोरांचा लाडका झाला, ही गोष्ट पुसून टाकता येत नाही. तरीही मी तिला एका टेबलाशी नेले. तेथला रणगाडा लढत नव्हता. त्याचा पट्टा निखळला होता आणि शिपाई तो ओढून बसवीत होते. तोफेवर एक सदरा वाळत होता. शेजारच्या टेबलावर एक जण गाड्याला टेकून पत्र वाचीत होता. तोफ डागणारा देखावा शोधूनच काढावा लागला.

मांडणारे गृहस्थ साठीचे असावेत. मोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितले, "माणूस शेजारी ठेवल्यावाचून रणगाडा कळत नाही." त्यांनी बोटाच्या पेराने झाकण दाखवले. पँथरमध्ये पाच माणसे बसत. गाडा पेटला तर त्यांनी अशाच भोकांतून बाहेर यायचे! सौ. वाकून पाहत राहिली. तिची शंका फिटली असे मला वाटले नाही, पण ती तेथून लवकर हललीही नाही.

इतक्या दूर जाणे प्रत्येकाला साधणार नाही. पण आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. १९६५ च्या युद्धात हाती आलेला पॅटन तेथे उभा आहे, आणि जपानी रणगाडाही आहे. या सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जा. मुले तोफेकडेच धावतील, धावू द्या. मग त्यांना वरचे झाकण दाखवा आणि विचारा, "यातून तुला किती लवकर बाहेर पडता येईल?"