बंद जिनिंगमधील एक दुपार

हा लेख पिकाविषयी नाही, हे आधीच सांगून टाकतो. एरवी विस्तार अधिकाऱ्याचे नाव दिसले की बीजप्रक्रिया, फवारणी नाहीतर एखादी योजना येणार हे तुम्ही ओळखता आणि पान उलटता. या वेळी उलटू नका.

माझा एक भाचा नंदुरबारच्या महाविद्यालयात शिकतो. त्याला अजब छंद लागला आहे. शहरातल्या ओस पडलेल्या इमारती आत शिरून पाहायच्या, त्यांची छायाचित्रे काढायची आणि मोबाइलवर मित्रांना दाखवायची. परदेशात म्हणे अशा हौशी लोकांच्या टोळ्याच असतात. त्यांचा नियम एकच : काही उचलायचे नाही आणि काही मोडायचे नाही. मी त्याला म्हटले, "अरे, त्यासाठी शहर कशाला हवे? आमच्या गल्लीत ये. कुलूप लावून सुरतेला गेलेल्यांची घरे हवी तितकी दाखवतो." तो हसला. मग म्हणाला, "मामा, आजी ज्या जिनिंगमध्ये कामाला जायची ना, ते बंद पडून वीस वर्षं झाली. मालकाच्या घरून मी परवानगी आणली आहे. येता का?"

आता मात्र मला नाही म्हणवेना.

माझ्या आईने त्या जिनिंगमध्ये अठरा हंगाम काढले. दिवाळी झाली की जायची, होळीपर्यंत. आमची जमीन चार एकर, तीही कोरडवाहू. माझे शिक्षण, पुढे धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातली बी.एस्सी., वसतिगृहाची खानावळ, हे सारे त्या कामावर झाले. सात-आठ वर्षांचा असताना मी सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर जाई आणि फाटकाबाहेर निंबाखाली बसून राही. पोरांना आत सोडत नसत. आतून दिवसभर घरघर ऐकू येई. संध्याकाळी भोंगा झाला की बाया बाहेर पडत. सगळ्यांची डोकी पांढरी, भुवया पांढऱ्या. त्या घोळक्यात आपली आई कोणती हे ओळखायला मला वेळ लागे. ती जवळ येऊन पदराने तोंड पुसायची, तेव्हा कुठे आई दिसायची. पण ती आत नेमके काय करते हे मी कधी पाहिले नव्हते.

जिनिंगला जाण्यापूर्वी भाच्याने मला गावातले दोन जुने वाडे दाखवले. सागवानी खांब, कोरीव चौकटी आणि आत वटवाघळांचा वास. तिथे आम्ही फार थांबलो नाही. नंदुरबारला ओस पडण्याची सवय जुनी आहे. १३४२ च्या सुमारास इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादेहून खंबायतकडे जाताना इथून गेला. इथल्या मराठ्यांच्या कारागिरीचे, वैद्यांचे आणि ज्योतिष्यांचे त्याने कौतुक केले आहे. हे लोक भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल खातात, हेही त्याने टिपून ठेवले. १६६६ मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांनी इथे वखार घातली. १८१८ मध्ये गाव इंग्रजांच्या ताब्यात आले तेव्हा ते निम्म्याहून अधिक ओस होते, असे जुने गॅझेटियर सांगते. पुढे १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून सुरत-भुसावळ रेल्वे झाली आणि कापसाला वाट मिळाली. आमची जिनिंग त्याच रेल्वेच्या आधाराने उभी राहिलेली.

तुमच्यापैकी कोणाला असे कुठे शिरायचे झाले तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये. एकट्याने जाऊ नये आणि पावसाळ्यात तर मुळीच नको. पायांत बूट हवेत, हातात काठी हवी. लाकडी माळ्यावर चढलाच तर भिंतीच्या कडेने चालावे, मधोमध नव्हे. मधोमध फळ्यांना आधार कमी असतो. आणि गवतात झाकलेली विहीर असू शकते, तिची चौकशी राखणदाराकडे आधी करावी. आमच्या राखणदाराने स्वतःहून दाखवली, म्हणून बरे.

फाटकातून आत गेलो. मोठे आवार. याच आवारात पूर्वी कापसाचे डोंगर लागत आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर दूरवर जाई. १९७२ पासून आपल्या राज्यात एकाधिकार कापूस खरेदी होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी योजनेलाच घालायचा आणि तो पिंजायचे काम अशा जिनिंगांना मिळायचे. सीमेपलीकडे गुजरातेत भाव चढला की आपल्या भागातला कापूस तिकडे कसा जायचा, ते मी लिहायला नको. तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आवाराच्या कोपऱ्यात, भिंतीच्या भेगेजवळ, पुरुषभर उंचीचे एक कपाशीचे झाड उभे होते. वीस वर्षांपूर्वीची सरकी काही रुजत नाही, तेव्हा ते कुठून आले कोण जाणे. त्यावर पंधरा-वीस हिरवी बोंडे होती. माझा हात आपोआप गेला. एक बोंड फोडले, दुसरे फोडले. दुसऱ्यात गुलाबी बोंडअळी, चांगली पोसलेली. २०१७ मध्ये या अळीने आपल्याला कसे नागवले ते कोणी विसरलेले नाही. मी झाड मुळासकट उपटले. भाचा ओरडला, "मामा, नियम! काही मोडायचं नाही!" मी म्हटले, "तुझा नियम इमारतीला. हा माझ्या खात्याचा नियम." राखणदाराकडून काडेपेटी घेऊन ते झाड तिथेच जाळले. छंद गेला खड्ड्यात.

मग मुख्य दालनात शिरलो. लांबट दालन, वर पत्रे, त्यांतले काही उडालेले. दोन्ही बाजूंना यंत्रांचे चौथरे ओळीने. यंत्रे भंगारात गेलेली, गंजलेले बोल्ट तेवढे वर आलेले. मधून एक खोल चर गेला होता. त्यात लांबच लांब लोखंडी दांडा फिरायचा आणि पट्ट्यांवरून प्रत्येक यंत्राला गती मिळायची. दांडा एक, त्यामुळे तो सुरू झाला की सगळ्या ओळीने हलायचे. एकट्या बाईला "जरा थांबते" म्हणायची सोय नव्हती.

यंत्राचे काम सोपे होते. चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेला एक रूळ, त्याला लागून एक स्थिर सुरी आणि एक खालीवर हलणारी सुरी. रूळ तंतू ओढून घेतो, सुरी सरकी अडवून झटकते. रुई पुढे पडते, सरकी जाळीतून खाली. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि १७० किलोंची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. हा सगळा कापूस त्या काळी यंत्राला हाताने भरवायचा होता. बाई मागे बसायची, पुढ्यात कापसाचा ढीग, दोन्ही हातांनी तो पसरून सारखा आत सारायचा. त्यात माती, पाला, कवडी सगळे आलेच. रूळ घासला गेला की चामड्याची भुकटीही त्यातच उडायची.

वर पाहिले. कोळिष्टकांना अजून रुईचे तंतू चिकटलेले होते. भिंतीवर कोणीतरी कोळशाने रेघा ओढलेल्या. चार उभ्या, एक आडवी, अशा किती तरी. गाठींचा हिशेब असावा. भाच्याने त्याची छायाचित्रे काढली. मी चौथरे मोजले, एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला बारा.

खिडक्या चांगल्या मोठ्या होत्या, पण सगळ्या बंद. नुसत्या बंद नव्हे, आतून लांब खिळे मारून पक्क्या केलेल्या. मी भाच्याला म्हटले, "चोरांच्या भीतीने बंद केल्या असतील." त्याने मान हलवली आणि खिळ्यांचेही छायाचित्र काढले.

ही जिनिंग कोणा एकामुळे बंद पडली असे नाही. २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. जिनिंगमध्ये कापूस यंत्रानेच वाहून न्यायचा, यंत्रानेच भरवायचा, जमिनीला लावायचाच नाही, अशी नवी रचना आली. रुई स्वच्छ निघू लागली आणि ते योग्यच झाले. त्यासाठी मोकळी जागा आणि मोठे भांडवल हवे होते. ते ज्यांना जमले ते टिकले. आमच्या जिनिंगचे अरुंद दालन त्यात बसणारे नव्हते. पुढे एकाधिकार योजनाही संपली. बायांचे काम गेले. त्यातल्या काही मिरचीच्या पथारीवर गेल्या, काही ऊसतोडीला. आईने त्याआधीच काम सोडले होते, मला नोकरी लागली त्या वर्षी.

मी नोकरीला लागलो आणि खेडोपाडी बायकांना कापूस वेचणी शिकवू लागलो. डोक्याला सुती फडके बांधा, केस पडू देऊ नका. सुतळीचे, प्लॅस्टिकचे धागे मिसळू देऊ नका. कवडी वेगळी ठेवा. तीस वर्षे हेच सांगतो आहे आणि ते खोटे नाही. पण फडके डोक्याला बांधा असे सांगताना ते नाकालाही बांधा असे सांगायचे मला कधी सुचले नव्हते. माझे लक्ष रुईच्या प्रतीवर होते.

संध्याकाळी गावी आलो. आई ओट्यावर बसली होती. आता तिचे केस खरेच पांढरे झाले आहेत. भाच्याने मोबाइल तिच्यापुढे धरला.

"तठे काय शे आते?" तिने विचारले. तिथे आता काय आहे?

"काही नाही गं आजी. चौथरे आहेत नुसते."

ती एकेक चित्र पाहत गेली. रेघांची भिंत पाहून म्हणाली, "या आमच्या नाहीत, हमालांच्या." चौथऱ्यांच्या चित्रावर तिने बोट ठेवले आणि फाटकाकडून मोजत गेली. सातव्यावर थांबली. "हे माझं. खिडकीजवळचं."

मी म्हटले, "म्हणजे तुला वारा तरी लागत असेल."

तिने माझ्याकडे पाहिले. "कसला वारा? खिळे मारलेले असायचे ना खिडक्यांना. वाऱ्याने रुई उडते म्हणून. मी गेले त्याच्या आधीपासून होते ते."

भाचा माझ्याकडे पाहू लागला. मी काही बोललो नाही.

वाचकहो, यापुढचे लिहू की नको असा विचार बरेच दिवस करत होतो. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, हे तुम्हांला आठवत असेल. त्या आशेने पुढच्या वर्षी आपण सगळ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. आमच्याही घरी भरला. धाकट्या भावाने विचारले, "विकू की ठेवू?" मी म्हटले, "ठेव." जागा नव्हती म्हणून आई झोपते त्या खोलीत अर्धा भरला. मार्च गेला, एप्रिल गेला, भाव काही आला नाही. पोरांच्या अंगाला खाज सुटली. आईचा जुना खोकला उलटला, रात्र रात्र बसून काढू लागली. डॉक्टरांनी औषध दिले. मी सुट्टीला आलो की खोलीत डोकावून जात होतो. दमट हवेने कापूस पिवळा पडतो आणि उंदीर शिरतात, म्हणून भावाला ताकीद देऊन ठेवली होती की खोली बंद ठेवायची. कापूस कोरडा राहावा, घरात राहत्या माणसांपासून वेगळा असावा, हवा खेळती असावी, आणि अळीचे पतंग त्यातून शेतात जाऊ नयेत म्हणून हंगामानंतर तो फार काळ ठेवू नये, हे सारे मी सभांमधून सांगत आलेला माणूस.

आईने मोबाइल भाच्याच्या हातात दिला.

"त्या वर्षीही," ती म्हणाली, "मी खाट खिडकीजवळच घेतली होती. तूच येऊन लावून घेतलीस."

मग ती उठली आणि भाच्याला म्हणाली, "भाकरी टाकते. ठेचा चालेल ना रे तुला?"