बेलफास्टचा कललेला मनोरा

लिनन कापड व जहाजें यांच्या जोरावर उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट वाढलें आणि १८८८ सालीं राणी व्हिक्टोरियाच्या सनदेनें त्याला शहराचा दर्जा मिळाला. त्या भरभराटीची खूण पाहावयाची असेल त्यानें हाय स्ट्रीटच्या टोकाशीं यावें. तेथें राणीचा पति प्रिन्स आल्बर्ट याच्या स्मरणार्थ उभारलेला घड्याळाचा मनोरा आहे. उंची ११३ फूट. आम्ही खालीं उभे राहून वर पाहिलें, तों आमचीच मान वांकडी झाली कीं काय असें वाटलें! मान सरळ होती; मनोऱ्याचा माथाच ओळंब्यापासून सुमारें चार फूट ढळला आहे.

कारण पायाखालींच आहे. या रस्त्याखालून फारसेट नदी वाहते. एके काळीं तिच्यांतून गलबतें भरवस्तींत येत. पुढें तिला झांकून वर रस्ता केला. तेथील भर घातलेल्या दलदलींत लांकडी खुंट ठोकून त्यांवर हा दगडी भार ठेवला. खालीं मऊ गाळ आणि वर जड दगड, मग दुसरें काय व्हावयाचें? १९२४ सालीं कांहीं नक्षीकाम व राजपुत्राच्या पुतळ्यावरील दगडी छत्र उतरवावें लागलें. २००२ सालीं जीर्णोद्धार झाला. कल मात्र तसाच आहे.

आम्हांला दगडापेक्षां माणसाचीच हकीकत अधिक लागली. नमुन्यांच्या चढाओढींत विल्यम बॅर हा तरुण स्थापत्यविशारद पहिला आला. पण दुसऱ्या आलेल्या चार्ल्स लॅन्यनला काम गुपचूप देण्याचा घाट घातला गेला. लॅन्यन म्हणजे बडें प्रस्थ! क्वीन्स कॉलेजची तांबड्या विटांची इमारत (१८४९) त्याची, मनोऱ्याजवळचें जकातघर (१८५७) त्याचें. शिवाय नगराध्यक्षपदही भूषविलेलें. लोकांनीं ओरड केली, तेव्हां कुठें काम बॅरला मिळालें. पण १८६७ सालीं, चाळिशीही न गांठतां, तो वारला. मनोरा पुरा झाला १८६९ सालीं. आपला मनोरा उभा राहिलेला त्या बिचाऱ्यानें पाहिला नाहीं. कललेलाही पाहिला नाहीं, हें एक बरें!

सायंकाळीं फ्रँक मॅचमनें बांधलेल्या ग्रँड ऑपेरा हाउसमध्यें (१८९५) गेलों. १९९१ व १९९३ सालच्या बाँबस्फोटांनीं नासधूस होऊनही तें पुन्हा सजलें आहे. आंत सज्जांशीं सोनेरी हत्तींचीं मस्तकें! आपल्याकडील गणपतीच्या मखरांत सहज खपून जातील. नाटकाकडे आमचें लक्ष थोडें कमीच लागलें.