स्टेशनपासून चालत पाच मिनिटं

मुंबईत घर बदलायचं म्हटलं की लोक आधी बजेट विचारतात, मग लाइन. सेंट्रल, वेस्टर्न की हार्बर? तिथे तुमची संध्याकाळ कशी जाणार, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि घरातल्या माणसांचं एकमेकांशी, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी पुढची पंचवीस वर्षं कसं जमणार, हे बरंचसं त्या संध्याकाळीच ठरत असतं.

आमची गिरगावातली खोली पागडीची. मालकाचा वाटा देऊन हातात जे उरणार होतं, त्यात गिरगावात मोरी आणि बाल्कनीसुद्धा आली नसती. तेव्हा उपनगरात जायचं हे ठरलेलंच होतं; कुठल्या, एवढाच प्रश्न. एका रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याने सगळ्यांच्या हातात कागदाचा एकेक कपटा दिला आणि म्हणाला, "नव्या घराजवळ काय हवं, ते एकेकच लिहा." त्याने स्वतः लिहिलं, 'पाणी'. मी लिहिलं, 'लायब्ररी'. लेकीने लिहिलं, 'खाली खेळायला मुली'. सासूबाईंनी चष्मा लावून बराच विचार केला आणि लिहिलं, 'बाजार, चालत'. मी म्हटलं, "आई, देऊळ नको?" तर म्हणाल्या, "देव घरात आहे गं. मेथीची जुडी घरात नाही ना येत." पुढे एजंटांनी आम्हाला तरणतलाव दाखवले, जिम दाखवली, गच्चीवरचा योगा डेक दाखवला. त्या चार कपट्यांवर यातलं काहीच नव्हतं.

पहिली धाव अर्थात पार्ल्याला. मराठी मध्यमवर्गाच्या मनात जे एक आदर्श उपनगर आहे, त्याचा पत्ता विलेपार्ले पूर्व. टिळक गेल्याच्या पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, इथल्या लोकांनी पार्ले टिळक विद्यालय काढलं आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. म्हणजे गावात नीट वस्ती होते न होते तोच शाळा आणि सभागृह हवं, असं वाटणारी ही माणसं. पु. ल. देशपांडे याच हवेत वाढले. १९२९ सालच्या बिस्किटांच्या कारखान्याचा तो गोड वास २०१६ मध्ये कारखाना बंद झाला तेव्हा थांबला. जुने पार्लेकर अजून त्या वासाबद्दल माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तसे बोलतात. आम्ही हनुमान रोडवरून चालत होतो. संध्याकाळची शाळा सुटलेली, फुलवाल्यापाशी गर्दी, कुठल्यातरी व्याख्यानाचा फलक. सासूबाई थांबून थांबून पिशवीत काहीबाही भरत होत्या. एजंटने आकडा सांगितला तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "हे घर माझ्या आजोबांनी घ्यायला हवं होतं." पार्ल्याची किंमत पैशात मोजावी लागते, आणि ते आमच्याकडे नव्हते.

डोंबिवलीला आम्ही रविवारी गेलो, आणि रविवारी डोंबिवलीच्या प्रेमात न पडणं अवघड आहे. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे सगळं गाव नवे कपडे घालून एकमेकांना भेटायला येतं, हे ऐकून होते; साध्या रविवारीही त्याची झलक दिसते. पु. भा. भावे इथले, शन्ना नवरे इथले. गुढीपाडव्याच्या ज्या शोभायात्रा आता गावोगावी निघतात, त्यातली पहिली १९९९ मध्ये इथल्या गणेश मंदिर संस्थानाने काढली. २०१७ चं नव्वदावं साहित्य संमेलन इथेच भरलं. घरंही परवडणारी. लेकीला एका इमारतीखाली लंगडी खेळणाऱ्या मुली दिसल्या आणि तिच्या बाजूने विषय संपलाच.

मग मी एका बुधवारी एकटी गेले, फोर्टातलं ऑफिस सुटल्यावर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर. फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात एकीने मांडीवर वर्तमानपत्र पसरून गवार मोडायला घेतली होती. शेजारची, ओळख असो वा नसो, हात पुढे करून मूठभर आपल्याकडे ओढून घेत होती. घाटकोपर जाईस्तोवर भाजी निवडून झाली, आणि पिशवीची गाठ मारता मारता ती म्हणाली, "घरी गेलं की नुसती फोडणी द्यायची." त्या डब्यात जिव्हाळा आहे, हे खोटं नाही. पण स्वयंपाकाची तयारी गाडीत करावी लागते, याचा अर्थ घरी तेवढा वेळ उरत नाही. ठाण्यानंतर मुंब्र्याचं वळण आलं. जून २०२५ मध्ये याच पट्ट्यात दारात लटकलेली माणसं गाडीतून पडून गेली. डब्यातलं बोलणं तिथे थांबलं नाही. रोजच्या प्रवाशाला थांबून चालत नाही. एमआयडीसीचंही मनात होतंच. मे २०१६ आणि मे २०२४, दोन्ही वेळा कारखान्यातल्या स्फोटांनी दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. मी स्टेशनबाहेर आले तेव्हा फडके रोड रविवारसारखाच उजळलेला होता. फक्त रिक्षाच्या रांगेत उभ्या असलेल्या कुणाच्यात तो बघण्याचं त्राण नव्हतं. डोंबिवली किंमत घेते ती वेळेत. नवरा-बायको दोघंही गाडीत असतील, तर त्या सांस्कृतिक नगरीचा लाभ आजी आणि नात तेवढ्या घेणार.

वसईला गेलो ते हिरवळीच्या ओढीने. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्यासोबतच्या माणसांनी 'हरित वसई'साठी जो लढा दिला, त्यामुळे किल्ल्याच्या बाजूला अजून केळीच्या बागा आहेत, विहिरी आहेत, फुलांच्या वाड्या आहेत. त्याच तालुक्यात रेल्वेच्या पलीकडे नव्या इमारतींच्या दारात टँकर उभे. नवऱ्याने टँकर पाहिला आणि खिशातून आपला कपटा काढून माझ्यापुढे धरला.

आता ज्या गोष्टीबद्दल घर शोधणारी माणसं मोठ्याने बोलत नाहीत, तिच्याबद्दल. मूल्यं जुळणारी वस्ती हवी, असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा मनात असतात ती 'आपली माणसं'. एका उपनगरात (नाव कशाला घ्या?) घर पसंत पडलं म्हणून आम्ही सोसायटीच्या कमिटीला भेटायला गेलो. सरबत आलं. आडनाव विचारलं, मग मूळ गाव, मग जरा घसा खाकरून, "मांसमच्छी चालते का आपल्याकडे?" आमच्याकडे चालते नव्हे, धावते. सासूबाईंनी पेला खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "बोंबील आवडतात. तुम्हाला?" तिथली बोलणी सरबतावरच संपली.

याचा इतिहास आमच्या गिरगावाला लागूनच आहे. १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण सोसायटी उभी राहिली, देशातल्या पहिल्या अशा सोसायट्यांपैकी ती एक. परक्या शहरात आलेल्या कारकुनांनी एकमेकांच्या आधाराने डोक्यावर छप्पर मिळवावं, यात गैर काहीच नव्हतं. किंबहुना सहकाराचा तो मोठा धडा होता. पण आधारासाठी बांधलेली भिंत पुढे कुंपण होते. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समाजापुरतं सभासदत्व ठेवण्याचा नियम वैध ठरवला. कायद्याने ते चालेल. पण लेकीला मी कुठल्या जिन्यावर वाढवणार, हा प्रश्न कायद्याचा नाही. जिथे सगळ्यांच्या घरातून एकाच फोडणीचा वास येतो, तिथे मूल दुसऱ्याच्या घरी जेवायला शिकत नाही. आमच्या चाळीच्या सामाईक गॅलरीत कोकणी, गुजराती, घाटावरचे, सगळे होते. भांडणंही होती, पण भांडणारे एकमेकांच्या मयताला खांदा देत होते. आम्हाला तसं काहीतरी हवं होतं.

शेवटी ठाणं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथे येऊन थांबली. ३४ किलोमीटर, म्हणजे संध्याकाळ थोडीफार शिल्लक राहील असं अंतर. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत ज्या साली सार्वजनिक गणपती बसला, त्याच १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. माझ्या कपट्याचं काम तिथे झालं. तरी ठाणं एक नाही, दोन आहेत, आणि आमच्या पैशात दोन्ही बसत होती. घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर दोन बेडरूम, समोर येऊरचा डोंगर, खाली क्लबहाऊस. नाहीतर नौपाड्यात जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बेडरूम, लिफ्ट नाही, खिडकीतून समोरच्यांचं कपाट दिसतं.

घोडबंदरच्या घरात डोंगर पाहून आम्ही सगळेच गप्प झालो, इतका तो सुंदर दिसत होता. मग सासूबाईंनी विचारलं, "खाली भाजी कुठे मिळते?" एजंट म्हणाला, "आजी, ॲपवर मागवायची. दहा मिनिटांत दारात." त्या म्हणाल्या, "आणि मी? मी कुठे जायचं?" रस्ता ओलांडायचा तर मेट्रोच्या खांबांमधून, ट्रकच्या रांगा चुकवून. शाळा बसने, क्लास गाडीने, मैत्रीण इंटरकॉमवर. कामगार बायकांसाठी लिफ्ट वेगळी, ती मागच्या बाजूला. लेकीने विचारलं, "त्या आपल्या लिफ्टने का नाही येत?" एजंटने तिला क्लबहाऊसचा फोटो दाखवला.

नौपाड्यातल्या इमारतीचा जिना चढण्याआधी मी तिथला फळा वाचला. घर बघायला गेलं की मी हॉल नंतर बघते, आधी फळा. सोसायटीच्या स्वभावाचा एवढा प्रामाणिक दाखला दुसरा नाही. एका ठिकाणी फळ्यावर थकबाकीदारांची नावं लाल खडूने लिहिली होती. दुसऱ्या ठिकाणी नुसते 'मनाई'चे चार नियम. इथे वर लिहिलं होतं, 'गुरुवारी टाकी धुणार. पाणी भरून ठेवावे.' खाली, 'कुंड्यांचे पाणी खालच्यांच्या वाळवणावर पडते. कृपया.' त्या 'कृपया'पुढे क्रियापदसुद्धा नव्हतं, इतकं ते वैतागून लिहिलेलं. आणि त्याखाली, 'तळमजल्यावरील आजींना हॉस्पिटलातून आणले आहे. रात्री सोबत हवी. नावे लिहावीत.' सोमवार ते रविवार वारांची नावं, आणि प्रत्येक वारापुढे वेगळ्या हस्ताक्षरात एकेक नाव. त्यातलं एक आडनाव मल्याळी, एक मारवाडी, बाकीची आपल्याकडची. शनिवारची जागा आधी रिकामी असावी, कारण तिथलं नाव पेनने, घाईत, खडूच्या पुसट रेघेवर लिहिलेलं होतं. नवऱ्याने तो फळा माझ्यानंतर वाचला. वर जाऊन आम्ही घर बघितलं, पण ते औपचारिकच.

त्याची किंमत आम्ही मोजतोच आहोत. ठाणं ती जागेत घेतं. लेकीची अभ्यासाची जागा म्हणजे जेवणाचं टेबल. सासूबाई जिन्यात दोनदा बसतात. इमारत जुनी आहे, आज ना उद्या तिच्याही पुनर्विकासाच्या मीटिंगा सुरू होतील. पण मी सातच्या सुमारास घरात असते. सासूबाई जांभळी नाक्यापर्यंत जाऊन येतात आणि कोथिंबिरीचा भाव मला ऑफिसात फोन करून सांगतात. लेक मैत्रिणींबरोबर तलावपाळीला एकटी जाते. तिला सोडायला-आणायला कुणी लागत नाही. शहरात वाढणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला एवढं स्वातंत्र्य मिळवून देता येणं, ही आमच्या लेखी दुसऱ्या बेडरूमहून मोठी गोष्ट होती. तुमच्या घरी हिशेब उलटा असू शकेल. घरात आजारी माणूस असेल, लिफ्टशिवाय चालणार नसेल, किंवा शांतता हेच तुमचं दैवत असेल, तर घोडबंदरचा तो डोंगर तुमचाच आहे.

एक मात्र या सगळ्या भटकंतीत पटत गेलं. पार्ल्याची शाळा, ठाण्याचं ग्रंथालय, डोंबिवलीची पाडव्याची यात्रा यातलं काहीही बिल्डरने बांधून दिलेलं नाही. दिवसभर नोकरी करून आलेल्या माणसांनी वर्गणी काढून, सतरंज्या घालून, हिशेबाच्या वह्या सांभाळून ते उभं केलं. त्यातले बहुतेक तुमच्या-आमच्यासारखे कुठून तरी तिथे येऊन पडलेले होते. म्हणून चांगल्या वस्तीत घर घेतलं की मुलांवर आपोआप चांगले संस्कार होतील, हा हिशेब जरा आळशी आहे. तिथल्या कामातला थोडा भार उचलला नाही, तर आपण तिथे नुसतं पत्त्यापुरते राहतो.

तेव्हा घर शोधत असाल तर एवढं करा. रविवारी बघितलेलं उपनगर कामाच्या दिवशी, गर्दीच्या गाडीने जाऊन पुन्हा बघा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यात लहान पोराला एकटं कुठवर चालत जाता येईल, ते स्वतः चालून बघा. फळा वाचा. आणि त्या फळ्यावर रात्रीच्या सोबतीसाठी नावं मागितली, तर आपण आपलं नाव लिहू का, हे स्वतःला विचारा. उत्तर 'हो' असेल तरच टोकनचा चेक फाडा.