थंड इंजिनाची जबानी

जी तक्रार एका घटकेस प्रकट होते आणि दुसऱ्या घटकेस आपला मागमूसही ठेवीत नाही, तिचा निवाडा करणे फार कठीण असते. वकिलीच्या व्यवसायात अशी प्रकरणे आम्ही पुष्कळ पाहिली. परंतु त्यांचा अस्सल नमुना आम्हांस आढळला तो आमच्या जुन्या डिझेल मोटारीत. दिवसभर ती शहाण्यासारखी चाले. मात्र बेळगावच्या डिसेंबरात पहाटे पारा बारा-चौदा अंशांवर उतरला, की सेल्फ कितीही मारला तरी इंजिन दाद देत नसे. कधी लागलेच, तर हीव भरल्यासारखे थरथरे, मागून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर सोडी, आणि दोन-तीन मिनिटांत असे सुरळीत होई की शेजाऱ्यांस आमचीच फिर्याद खोटी वाटावी. गोव्यात चार दिवस मुक्काम असला, म्हणजे हीच गाडी पहिल्या किल्लीस सुरू होई!

प्रश्न केवळ गैरसोयीचा नव्हता. आमच्या मातोश्रींचे वय ८२. कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेचे वर्षातून एकदा दर्शन घ्यावे, हा त्यांचा नेम. बसचा प्रवास त्यांस झेपत नाही, आणि चोर्ल्याचा घाट उन्हाआधी उतरावयाचा तर पहाटेच निघावे लागते. एका गॅरेजने भर दुपारी गाडी पाहून असा निर्णय दिला, की पंप आणि चारही इंजेक्टर काढून दुरुस्तीस द्यावे. त्याचा अंदाजी खर्च गाडीच्या उरलेल्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. चिरंजीव म्हणाले, भंगारात घाला. "यंदा राहू दे रे, देवी काही रागावत नाही," असे मातोश्री स्वतःच म्हणू लागल्या, आणि तेच आमच्या मनास अधिक लागले.

येथे डिझेल इंजिनाची प्रकृती सांगितली पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यास १८९३ साली ज्या कल्पनेचे पेटंट मिळाले, तीत ठिणगीला स्थानच नाही. आत घेतलेली हवा तिच्या मूळ आकारमानाच्या विसाव्या-बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबावयाची. त्या दाबाने ती पाचशे अंशांच्याही वर तापते, आणि तीत उडविलेले डिझेल आपोआप पेट घेते. परंतु आमच्या गाडीसारख्या जुन्या बांधणीत डिझेल प्रथम एका लहानशा कोठडीत उडते. थंडीच्या दिवसांत त्या कोठडीच्या भिंतीच दाबलेल्या हवेची ऊब शोषून घेतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरात एकेक हीटर प्लग असतो. किल्ली फिरवताच काही सेकंदांत त्याचे टोक आठशे अंशांच्या पलीकडे तापून लाल होते, आणि त्या निखाऱ्याच्या आधाराने पहिला जाळ होतो.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांनी आमची हकीकत शांतपणे ऐकली आणि एवढेच म्हणाले, "वकीलसाहेब, गाडी रात्री इथंच ठेवा की. सकाळी मी येईपर्यंत किल्लीला कोणी हात लावायचा नाही." आम्ही मनोमन त्यांस वंदन केले. गाडी चालवीत न्यावी तर पोहोचेपर्यंत ती तापणार, आणि गुन्हा तर केवळ थंडीत घडतो. मग दुपारच्या तपासणीस पुरावा म्हणावा तरी कसा?

दुसऱ्या दिवशी सहा वाजता आम्ही हजर होतो. सेल्फ जोमदार फिरत होता आणि तो फिरताना व्होल्टेज दहाच्या खाली उतरले नाही; बॅटरी निर्दोष सुटली. डिझेलच्या पारदर्शक नळीत बुडबुडा नव्हता आणि फिल्टरवरचा हातपंप घट्ट लागत होता. अर्थात नळीत हवा शिरत नव्हती. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलचे धुके. इंधन पोहोचते आहे, पेटत मात्र नाही, याची ती कबुलीच होती. मग इंजिन थरथरत असतानाच मिस्त्रींनी इंजेक्टरच्या नळ्यांचे नट एकेक करून किंचित सैल केले. पहिल्याने आणि चौथ्याने इंजिनाचा आवाज लगेच पडला. दुसऱ्या-तिसऱ्याने काहीच फरक पडेना, म्हणजे ते दोघे कामच करीत नव्हते. चार बैल जुंपावे आणि दोघांनीच ओढावे, मग गाडी हेलकावे खाणार नाही तर काय! इंजिन तापल्यावर हीच परीक्षा पुन्हा घेतली, तेव्हा चौघेही कामास लागलेले दिसले. तिसऱ्याचा फरक तेवढा इतरांहून थोडा उणा. (कॉमन रेलच्या नव्या गाड्यांवर हा प्रयोग कोणीही करू नये. तेथील दाब हजार बारच्या वर जातो, आणि त्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.)

राहिले हीटर प्लग. त्यांच्याविषयी आमच्यापाशी एकच साक्ष होती: किल्ली फिरवली की डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागे आणि काही सेकंदांनी विझे. परंतु तो दिवा वेळ मोजतो. प्लग तापला की नाही, हे तो पाहत नाही. म्हणजे पुरावा ऐकीव! १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला, तरी साक्ष प्रत्यक्ष असावी हे तत्त्व कायमच आहे. मिस्त्रींनी चारही प्लगांना जोडणारी पट्टी काढली, आणि बॅटरीच्या धन टोकास बांधलेल्या बल्बची तार एकेका प्लगला लावली. पहिल्यावर बल्ब पेटला, चौथ्यावर पेटला, दुसऱ्या-तिसऱ्यावर अंधार.

इंजिन गरम असतानाच त्यांनी प्लग हलक्या हाताने सोडविले. थंडपणी जोर केला तर प्लग हेडमध्येच तुटतो, असे ते म्हणाले. तिसऱ्याचे टोक वितळलेले होते. प्लग नुसता वयाने मेला तर असा वितळत नाही. तेथे डिझेल फवाऱ्याऐवजी धारेने पडत असावे. तो एकच इंजेक्टर तपासावयास पाठविला, आणि त्याचे नोझल खरोखरच गळके निघाले. तेव्हा त्या गॅरेजचा संशय चौथ्या हिश्श्याने खरा होता, हे नमूद करणे न्यायाचे होईल. नोझल एक आणि प्लग चारही नवे घातले. उरलेले दोन त्याच वयाचे, त्यांचा भरवसा कोण देणार? सारा खर्च पहिल्या अंदाजाच्या दशांशापर्यंतही पोहोचला नाही.

मातोश्रींस हे सांगितले, तेव्हा त्यांनी प्लग म्हणजे काय हे विचारले नाही. पंचांग मागवून घेतले, पौषातला एक मंगळवार काढला, आणि देवीसाठी नेसूचे लुगडे आदल्या दिवशीच आणून ठेवावे, असे आम्हांस बजावले.